कोरी तार

बाकीच्या बाटल्यांवर सरांनी नंबर लिहिले. माझ्या आईच्या पापलेटच्या अर्काच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. 'कोळीण'.

मुलं हसली. मीही हसले. सांगायची लाज वाटते.

नव्वदच्या दशकातलं वसईतलं कॉलेज. मी एमएस्सीला. मासळी शिळी होऊ लागली की तिच्यात एक द्रव्य वाढतं. त्या द्रव्याला ओळखणारं एन्झाइम प्लॅटिनमच्या तारेवर पक्कं बसवायचं, तार मासळीच्या अर्कात बुडवायची, यंत्रावर आकडा बघायचा. आकडा मोठा, तर मासळी शिळी. एन्झाइम बसवायचं काम माझं. आई कळंबहून नालासोपाऱ्याच्या बाजारात मासळी विकायला जायची, म्हणून नमुनाही मीच आणायचा.

आईच्या पापलेटचा आकडा भलताच चढला. सर म्हणाले, "बघा, लेक इथे शिकतेय आणि आई गिऱ्हाइकांना शिळं खपवतेय."

ते पापलेट पहाटेचं होतं. पोरीच्या कॉलेजात जाणार म्हणून आईनं निवडून दिलेलं. मी आकडा वहीत उतरवून घेतला.

घरी जाऊन त्याहून वाईट केलं. आई पाण्याला गेलीय असं बघून तिच्या मासळीच्या टोपलीवर वाकले आणि वास घेतला. आई दारातच उभी होती.

"वास काय घेतंस गो? मी शिलं विकतंय काय?"

तिनं टोपलीवर फडकं ओढलं आणि मला जेवायला वाढलं. यंत्रावर माझा विश्वास होता, आईवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "यंत्र बघायला पाहुणे येणार आहेत. आईकडून तसलंच शिळं घेऊन ये."

"नाही आणणार. आधी कोरी तार बुडवू या, सर. एन्झाइम न लावलेली."

"आता तू मला शिकवणार?"

मी बुडवली. कालच्याच अर्कात. आकडा जवळजवळ तेवढाच चढला. म्हणजे तार शिळेपणा मोजतच नव्हती, भलतंच काहीतरी मोजत होती. ही तपासणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. सरांनी, आणि मीही.

"यंत्र बिघडलंय," सर म्हणाले.

काल माझी आई लबाड होती. आज यंत्र बिघडलं! मी नखानं चिठ्ठी खरवडून काढली आणि बाटलीवर नंबर लिहिला. या वेळी कुणी हसलं नाही.

आईला सगळं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. पण त्यानंतर मी घरात शिरले की ती टोपलीवर फडकं ओढून घ्यायची.

वास मी घेतला होता, सरांनी नाही. त्याची माफी मला नको. आता मी शिकवते. कोरी तार बुडवल्याशिवाय मी कुणाचाही आकडा मानत नाही. आणि माझ्यासमोर बाटलीवर कुणाची जात लिहू देत नाही, लिहिणारा कितीही मोठा असो.