गावात गोचीड नाही

बाई घरी आली की आधी दारातल्या कुत्र्याचा कान उलटा करून बघायची, मग माणसाला राम राम. माणूस अंगणात उभाच. बरं, कुत्रंही असं की माझ्यावर भुंकायचं आणि तिच्यापुढे मान वाकडी करून बसायचं.

गाव तिला गोचीडवाली बाई म्हणायचं. मी नुसतं बाई म्हणायचो. जळगावात पिंप्राळ्याला राहायची. स्कूटरच्या डिकीत चिमटा आणि झाकणाच्या बारक्या बाटल्या. गुरांच्या, कुत्र्यांच्या गोचिडी वेचायच्या, बाटलीत टाकायच्या, वर गावाचं नाव लिहायचं आणि तपासायला पाठवायच्या. गोचिडीपासून माणसाला ताप येतो, तो ताप कुठल्या कुठल्या गावापर्यंत पोचला ते शोधायचं तिचं काम. काठीला पांढरं फडकं बांधून बांधाच्या गवतातून ओढत चालायची. गवतातल्या गोचिडी फडक्याला चिकटतात म्हणे. पहिल्या दिवशी बायांना वाटलं, हिचं काहीतरी हरवलं.

आता तुम्ही शेतकरी असाल तर तुम्हाला सांगायला नको. कोणी म्हणालं तुमच्या बैलाला गोचीड आहे, तर ते आपल्याला तुम्ही अंघोळ करत नाही म्हटल्यासारखं लागतं. बाई येणार कळलं आणि गावानं पोळा असल्यासारखी गुरं धुतली. मी तर सकाळी बसून एकेक गोचीड ओढली आणि चुलीत टाकली. बाई आली तेव्हा बैल नवरदेवासारखे उभे.

"आमना ढोरेस्ले गोचीड नही शे, बाई," मी म्हणालो.

"नसेल, नसेल. बघू या तरी."

हे तिचं ठरलेलं. समोरचा काही म्हणो, ती आधी हो म्हणायची आणि मग खाली वाकून बघायचीच. त्या दिवशी सगळं गाव वाकून बघितलं, बाटल्या रिकाम्या. चहा पिताना मला म्हणाली, "आबा, तुमच्या गावात गोचीड नाही असं लिहून जावं लागेल. लिहिते. पण कोणाला जोराचा ताप आला, तळहातावर, तळपायावर लाल ठिपके आले, तर घरी बसू नका. डॉक्टरला गोचिडीचं सांगा."

मी कप खाली ठेवला. माझी बायको आदल्या वर्षी तापानंच गेली. सहा दिवसांत. अंगावर ठिपके होते. मी घामोळं म्हणालो. ती रोज सकाळी गायीच्या कासेच्या गोचिडी वेचायची आणि नखानं चिरडायची. हे सगळं तोंडाशी आलं, पण आता कसं बोलायचं? मी तर सगळ्यांदेखत नाही म्हणून बसलो होतो.

दोन महिन्यांनी सुनेला ताप चढला. पोरगा दीपनगरला कामावर. घरात मी आणि ती. चौथ्या दिवशी ती पाणी मागायला हात पुढे करते तर तळहातावर ठिपके. फोन लावला.

"बाई, मी खोटं बोललो. गोचिडी होत्या. मी चुलीत टाकल्या. सुनेला ठिपके आलेत."

मला वाटलं आता ऐकावं लागणार. ती म्हणाली, "चुलीत टाकल्या? फुटल्या असतील फटाफट. गाडी बघा, सरकारी दवाखान्यात आणा. मी येते."

दवाखान्यात तिनं सुनेचे केस बाजूला करत करत कानामागं गोचीड चावल्याची एक काळी खपली शोधली, विडीचा चटका बसल्यासारखी. डॉक्टरला दाखवली. रक्त घेतलं, गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, "आबा, हे दवाखान्याचं भात-वरण घशाखाली उतरे ना. कळण्याची भाकर आणा, वर ठेचा." मी दवाखान्यातच हसलो. नर्स रागावली.

मग बाहेर बाकावर बाईला बायकोचं सगळं सांगितलं आणि विचारलं. तिलाही हेच झालं होतं का?

ती म्हणाली, "सांगता येत नाही, आबा. तेव्हा तपासलं नाही ना. तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही तरी कसं सांगू?"

लोक मयताला येऊन काय काय बोलून गेले, माझ्या कामाचं एकही नव्हतं. हे होतं.

घरी येऊन बैलाच्या बारा गोचिडी चिमट्यानं बाटलीत भरल्या आणि पारावर नेऊन ठेवल्या. म्हटलं, ह्या माझ्या. शेजारचे नाना बाटली उलटसुलट करून बघत बसले. बाई परत आली तेव्हा नाना सगळ्यात पुढे. "आबाना बैलले बारा, मना बैलले अठरा शेतस. मोजी ल्या." त्या दिवशी बाटल्या कमी पडल्या. बायांनी मसाल्याच्या रिकाम्या डब्या दिल्या. बाई म्हणाली, "जिऱ्याचा वास आला तरी चालेल, गोचीड जिवंत असू दे." एवढी हसलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

पुढे तिची बदली पिंपळनेरकडे झाली. एक दिवस फोन. "आबा, इथं कोणाच्याच गुरांना गोचीड नाही हो."

"नसेल, नसेल," मी म्हणालो. "मी येतो."

धुळ्याला गाडी बदलली, पुढे साक्री. तिथल्या खेड्यात तिनं माणसं जमवली होती. मला भाषण कुठलं येतं? उभा राहिलो आणि सांगितलं, माझ्या गुरांना गोचिडी होत्या, मी लपवल्या. बायको तापानं गेली. सून वाचली, कारण मी खरं बोललो. एवढंच. खाली बसलो.

मग मागून एक म्हातारी उठली. "मन्ही गायले शेतस. चाल, दाखाडस."

दुपारी माझी एसटी सुटली तेव्हा बाई रस्त्याच्या कडेला उभी होती. दोन्ही हातांत भरलेल्या बाटल्यांचा खोका, हात हलवायची सोय नाही. खिडकीतून मीच हात केला. तिनं हनुवटीनं खोका दाबून धरला आणि मान डोलावली. त्यानंतर तिची आणखी लांब बदली झाली. पुन्हा भेट नाही.