मुरुडची शिराझ, लोह्यात चाखलेली

लातूर स्टेशनावर उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि एप्रिलचं ऊन आधीच चटके देत होतं. स्टेशनाबाहेर कोचिंग क्लासचे मोठमोठे फलक आणि त्यांवर पुढे डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींचे फोटो. मुलीला क्लास लावायला आलात का, असं रिक्षावाल्याने विचारलं. वाइनच्या कामाला आलोय म्हटल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्याने बसस्थानकावर सोडलं.

वाइनवर मी बरीच वर्षं लिहितो आहे. नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या द्राक्षबागा आणि तिथे वाइन करणारी माणसं हा माझा विषय. मराठवाड्यावर मात्र एकदाच लिहिलं, तेही इथे पाऊल न ठेवता. पुण्यातल्या एका प्रदर्शनात लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळच्या छोट्या वायनरीची शिराझ (तांबडी वाइन) चाखली होती. ती बिघडलेली होती. 'या मातीला तूर येते, तिने वाइनच्या भानगडीत पडू नये,' असं मी लेखात लिहिलं. ते वाक्य लोकांना फार आवडलं, त्यांनी ते एकमेकांना पाठवलं. वायनरी पुढच्याच हंगामानंतर बंद पडल्याचं मला गेल्या वर्षी कळलं. तोपर्यंत मीही ते वाक्य चारचौघांत ऐकवत होतो.

म्हणून ही खेप.

मुरुडच्या अलीकडे एका फाट्यावर त्या वायनरीचे मालक शिवराजआप्पा मोटारसायकल घेऊन उभे होते. साठीचे, कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंग. फोनवर मी नाव सांगितलं होतं, लेखाचं सांगितलं नव्हतं. रानातल्या (शेतातल्या) घरी त्यांच्या पत्नीने सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा नाश्ता) केली होती. ताटलीतली संपायच्या आत त्या पुन्हा वाढत होत्या.

खाणं झाल्यावर आप्पांनी शेड दाखवली. स्टीलच्या टाक्या जागेवर होत्या. एकीत जनावरांचं पाणी, बाकीच्या रिकाम्या. उरलेल्या जागेत सोयाबीनची पोती. आप्पांनी बाग लावली तेव्हा घरात मोठा कलह झाला होता. वडील लिंगायत समाजातले जुन्या वळणाचे. द्राक्षं लाव, वाइन कर, पण थेंबही तोंडात घालणार नाही अशी शपथ घे, असं ते म्हणाले. आप्पांनी घेतली आणि पाळली. आपण केलेली वाइन त्यांनी फक्त हुंगली. चव घ्यायला सुनंदा होती. ती नांदेडकडच्या लोह्याची, नाशिकला वाइनचं शिक्षण घेऊन आलेली. ती सांगेल तेव्हा द्राक्षं उतरायची आणि ती म्हणेल तेव्हा बाटल्या भरायच्या.

मला राहवेना. तो लेख माझा होता, असं मी सांगून टाकलं.

"माहीत हाय," आप्पा म्हणाले. "फोनवर नाव ऐकलं तवाच वळखलं."

"मग येऊ कसं दिलंत?"

"घरी येतो म्हणलात. न्हाई कसं म्हणावं?"

ते शेडच्या मागे घेऊन गेले. बागेच्या जागी नांगरलेलं काळं रान पसरलं होतं. वेलींची मुळं फार खोल गेली होती, उपटायला जेसीबी दोन दिवस लागला, एवढंच ते म्हणाले. वाइन शिल्लक आहे का, असं मी विचारलं. सुनंदाकडे एखादी बाटली असेल, पण ती बोलेल की नाही ते सांगता येत नाही, असं त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरहून नांदेडची एसटी धरली. अहमदपूरच्या अलीकडे टायर बसलं. आम्ही सगळे बाभळीच्या विरळ सावलीत दीड तास उभे राहिलो. शेजारच्या आजींनी पदरातली कैरी फोडून अर्धी मला दिली. कुणाकडे निघालात, असं त्यांनी विचारलं. लोह्याला, एवढंच मी म्हटलं.

लोह्यात सुनंदाताई अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतात. मी पोचलो तेव्हा तास चालू होता. तो संपेपर्यंत त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. मग समोर खुर्ची ओढून बसल्या आणि लेखाची गोष्ट त्यांनीच काढली.

त्या वर्षी ऐन हंगामात दोन दिवस वीज नव्हती. टाकी तापली आणि वाइन बिघडली. ही पाठवू नका, असं त्यांनी आप्पांना सांगितलं होतं. पण प्रदर्शनाच्या छापील यादीत नाव आलं होतं आणि वासावरून आप्पांना काही वावगं वाटलं नाही. यातलं एक अक्षरही आप्पा काल माझ्याजवळ बोलले नव्हते.

"बाटली खराब होती, ते तुम्ही बरोबर लिहिलं," त्या म्हणाल्या. "पण चाखली बाटली अन् लिहिलं मातीवर."

त्या आत गेल्या, फ्रिजमधून एक बाटली आणली आणि स्टीलच्या पेल्यात मला थोडी ओतून दिली. ही पुढच्या हंगामातली, म्हणाल्या, बाग उपटायच्या आधीची शेवटची. मी पेला नाकाशी नेला. पिकल्या जांभळांचा वास आला, त्यामागून मिऱ्यांचा. घोट घेतला. जिभेवर स्वच्छ तुरटपणा राहिला आणि बराच वेळ टिकला. या राज्यात मी चाखलेल्या उत्तम वाइनमध्ये ती सहज बसली असती. त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या, त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

"मी आप्पांना सांगून राहिले होते, आवंदा लई चांगली झालीय म्हणून," त्या म्हणाल्या. "त्यांनी कधी चाखलीच न्हाई ना, सर. त्यांना कसं कळावं? त्यांनी छापलेलं खरं मानलं."

मी पेला खाली ठेवला. यावर पुन्हा लिहीन, चूक कबूल करीन, असं काहीतरी बोललो.

"लिहा की. पण आता लिहून तिथं काय उगवणार हाय?"

पुढच्या तासाची मुलं दारात जमली होती. सुनंदाताईंनी बाटलीला बूच लावलं आणि ती आत ठेवून आल्या. मला सोडायला त्या बाहेर आल्या नाहीत.

नांदेडहून दुपारच्या गाडीत बसलो. गाडी सुटायच्या आधी आप्पांना फोन लावला. वाइन चाखली, फार चांगली होती, मी चुकलो, असं एका दमात सांगितलं.

"हाव," ते म्हणाले. "सुनंदा बी तसंच म्हणत होती."

मग जेवण झालं का, असं त्यांनी विचारलं. झालं, मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

प्रवासवर्णनाच्या शेवटी कुठे राहावं, काय विकत घ्यावं, हे मी नेहमी लिहितो. या खेपेला तसं काही लिहिता येत नाही. मी चाखलेली वाइन कुठे मिळत नाही आणि तिची बाग आता नाही. ती का नाही, ते वर लिहिलं आहे.