कांचनाची लोंबती फांदी

“आवं आजी, उठा की! उठा म्हंतोय! सुभेदार, पळा, आजीस्नी वढा तितनं!”

कांचनाच्या झाडाच्या बेचक्यात बसून अर्जुना बोंबलत होता. खाली साळूबाई सुपात गहू निवडत होती. सुभेदार लालासाहेबांची ही आई कानानं ठार बहिरी. तिच्या बरोबर डोक्यावर मांडीएवढी जाड फांदी नुसत्या सालीवर लोंबत होती.

छाटणी सुरू केली तेव्हा म्हातारी पार ओट्याकडं होती. ऊन फिरलं, सावली सरकली, तशी सतरंजी, सूप घेऊन तीही सरकली. दाट पाल्यातनं अर्जुनाला ते दिसलंच नाही.

आणि चूक हाताची होती. अर्जुना आटपाडीकडचा धनगर. फांदी वरनं अर्धी तोडायची आणि वाकवून लोंबती सोडायची, म्हणजे मेंढरांचं तोंड पोचतं आणि पाला हिरवा राहतो, हे त्याला चालायच्या आधी कळलेलं. पुढं कोरेगावात बंगल्यांची झाडं छाटायला लागला, तेव्हा एका रोपवाटिकावाल्यानं बजावलं होतं, “जड फांदीला आदी खालनं करवत लाव, मग वरनं. न्हाईतर साल खोडापातुर सोलती, झाड कुजतं.” डोक्यात होतं सगळं. पण कोयता हातात आला की हात मेंढरांमागं जायचा.

चर्रर्र करून साल अजून वीतभर सोलली.

फांदी धरायला पुढं वाकावं, तर त्याच्याच भारानं ती निसटायची. त्यानं डोक्याचा पटका सोडला, एक टोक बेचक्याला बांधलं, दुसरं फांदीभोवती टाकून दातात धरलं. बिरोबाचं नाव घ्यावं, तर तोंडात पटका.

अर्ध्या गालावर साबण लावलेले लालासाहेब धावत आले. वर बघितलं आणि आईला सतरंजीसकट फराफरा ओढलं.

“आरं मुडद्या, गहू सांडलं माजं!”

पटका टर्रकन फाटला. फांदी धाडकन खाली आली आणि सुपाचा चुरा झाला.

साळूबाई त्या चुऱ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “नवं सूप हुतं.”

“सुपावरच भागलं म्हण,” लालासाहेब म्हणाले. साबण गळ्यापर्यंत ओघळला होता. “उतर रं अर्जुना, च्या घे.”

“उतराय येत न्हाई, सुभेदार. पाय हायत का गेलं त्येच कळंना.”

“मग बस तितंच. बॉर्डरवर आमीबी असंच बसायचो.”

बऱ्याच वेळानं पायांत जीव आला. खोडावर पांढरी जखम उघडी पडली होती. झाड एका अंगानं बोडकं, दुसऱ्या अंगानं झिपरं. असं सोडलं तर वाऱ्यात कलंडणार, तेही ओट्यावर.

त्यानं सुभेदारांकडनं दोरी वर फेकून घेतली आणि कोयता तिला बांधून खाली सोडला.

“त्यो ठिवा तिकडं. करवत बांधा दोरीला. आन आजी कुटं हायत?”

“घरात.”

“दाराला कडी घाला, सुभेदार.”

कडी वाजलेली ऐकली, तरी त्यानं पाला बाजूला सारून खाली नीट बघितलं. मग पुढच्या फांदीला पोटाखालनं करवत लावली.