समोरच्या घराची आतली कडी

माझ्या समोरच्या घरात एक निवृत्त मास्तर एकटेच राहायचे आणि इकडे मी एकटी. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी पुण्यात. मास्तरांशी महिन्यातून चार वाक्यं बोलणं व्हायचं, तीही नळाला पाणी कधी येणार यावरची. सोलापुरात तो विषय कधी संपत नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसताना मास्तरांच्या फाटकापाशी एक माणूस दिसला. डोक्याला टॉवेल, हातात कापडी पिशवी. त्याने कडी वाजवली, खिडकीतून डोकावून पाहिलं, घराला वळसा घालून मागे गेला. मास्तर मला दोन दिवस दिसले नव्हते. दर उन्हाळ्यात ते हैदराबादला मुलाकडे जातात, तसे गेले असतील असं मी धरून चालले होते. थोड्या वेळाने तो माणूस रस्ता ओलांडून माझ्याकडे आला आणि बेल वाजवली. मी पडद्याआड श्वास रोखून उभी राहिले. तीनदा वाजवून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला आणि मास्तरांच्या कंपाउंडच्या भिंतीवरून गच्चीवर चढायला लागला. मी मोबाईलवर फोटो काढला. कॉलनीच्या ग्रुपवर तो टाकणार एवढ्यात थांबले. मागे याच ग्रुपवर एका बाईचा फोटो 'पोरं पळवणारी' म्हणून फिरला होता, आणि ती बिचारी भाचीचं घर शोधत होती. मी ११२ ला फोन लावला. पत्ता सांगितला, माणसाचं वर्णन केलं, तो काय करतोय ते सांगितलं. चोर आहे असं म्हटलं नाही, कारण ते मला ठाऊक नव्हतं.

तोवर शेजारच्या दोघांनी त्याला भिंतीवरून खाली ओढलं होतं. एकाने कॉलर धरली. मी तशीच अनवाणी बाहेर धावले.

"हात लावू नका त्याला, मी पोलिसांना बोलावलंय," मी म्हणाले. तो फोन सोडला तर दिवसभरात मी कुणाशी बोलले नव्हते, त्यामुळे आवाज घोगरा फुटला.

त्या माणसाने धापा टाकत सगळं सांगितलं. तो होटगीचा, रेल्वेतून निवृत्त झालेला. मास्तर तिकडच्या शाळेत होते तेव्हापासूनची दोघांची दोस्ती, रोज सकाळी फोन व्हायचा. दोन दिवस मास्तरांचा फोन लागत नव्हता.

"भाईर कुलूप न्हाय, कडी आतून हाय. मानूस आतच असनार की," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "ताई, तुमी समोरच ऱ्हाता न्हवं? काल तुमची बेल वाजवली मी."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

पोलिसांनी मागचं दार तोडलं. मास्तर न्हाणीघरात पडले होते, कंबरेचं हाड मोडलेलं. हाताशी पाण्याची बादली होती म्हणून तगले. स्ट्रेचरवरून नेताना होटगीवाल्याचा हात धरून ते पुटपुटले, काल कडी वाजलेली ऐकली होती, हाकही मारली होती, पण आवाज बाहेर पोचला नाही.

"मावशी, फोन केलात ते बरं झालं," पोलीस बाई मला म्हणाली. मी मान हलवली. कशासाठी फोन केला होता ते माझं मला माहीत होतं.

मास्तर वाचले. मुलगा येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेला. आता त्या घराला बाहेरून कुलूप असतं.

आठवडाभराने मी शेजारणीकडे जाऊन माझ्या घराची जादा किल्ली दिली. सकाळी दहापर्यंत दार उघडलं नाही तर ये, म्हटलं. तेव्हापासून कामावर जाता जाता ती फाटकातूनच हाक मारते. मी आतून "आहे गं" म्हणते. घाईत असली की विसरते. त्या दिवशी मी अकरापर्यंत दारातच खुर्ची टाकून बसते.