सगुणच्या वखदाची परीक्षा

गोव्यातल्या नार्व्यात कोणाला कावीळ झाली की तो आधी सगुणकडे यायचा, मग डॉक्टरकडे. सगुण नदीकाठच्या शेतातून वर यायचा, हातपाय धुवायचा आणि एक मुळी सहाणेवर उगाळून ताकातून द्यायचा. हे वखद त्याच्या आज्याकडून आलेलं. त्या वखदावर सगुणचा देवाइतका विश्वास.

त्याची थोरली मुलगी विनोदिनी डॉक्टर झाली, तेव्हा आता डिचोलीत दवाखाना निघणार असं सगळे धरूनच चालले होते. तिने निवडलं औषधशास्त्र. औषध शरीरात जाऊन नेमकं काय करतं ते शोधायचं आणि शिकवायचं. "म्हणजे ही पेशंट बघणारच नाय?" नातेवाईक विचारायचे.

"ती डॉक्टरांक शिकयता," एवढं सांगून सगुण विषय मिटवायचा.

पुढे विनोदिनी प्राध्यापक झाली, विभागप्रमुख झाली. एकदा सगुण साखळीच्या दवाखान्यात रक्तदाब दाखवायला गेला, तर मुलीचं नाव ऐकताच तिथली तरुण डॉक्टरीण खुर्चीतून उठली. "मॅडमनी आम्हाला एकच सवय लावली, काका. गोळी लिहिण्याआधी ती का लिहितोय, ते स्वतःला विचारायचं." त्या दिवशी रक्तदाब थोडा वरच निघाला, पण सगुण खुशीत घरी आला.

त्या चतुर्थीला त्याने आपणहून मुळी कागदात बांधून विनोदिनीच्या हातात ठेवली. "हें तपास. जगाक कळूंदे."

ती जरा घुटमळली. "बाबा, काय निघेल ते निघेल. मी लपवणार नाही हं."

"लपय म्हूण कोण सांगता?"

दोनेक वर्षांनी ती मुद्दाम घरी आली. "आजारी उंदरांपैकी काहींना मुळी दिली, काहींना नुसतं पाणी. दोन्ही सारखेच बरे झाले, बाबा. आणि मुळी जास्त झाली की उलट लिव्हरलाच बाधते. मी हे छापायला पाठवतेय."

सगुणचा चेहरा उतरला. "म्हणजे आज्यान लोकांक फसयलें?"

"नाही हो. बहुतेक कावीळ आपसूक उतरते. पणजोबांनी मुळी दिली आणि माणूस बरा झाला. त्यांच्या जागी मी असते तरी मला तेच वाटलं असतं."

सगुण उठून सरळ शेतावर गेला. दोन दिवस तो अंधार पडल्यावरच घरी आला.

महिनाभराने कारापूरचा गोकुळदास बायकोला, भागीरथीला, घेऊन आला. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात ताप. सहाण कोनाड्यातच होती. सगुणने सहाणेकडे पाहिलं, मग भागीरथीकडे.

"मुळी आसा, पण मी देवचंय नाय. माझ्या चेडवान तपासली ती. चल, इस्पितळात जाऊया."

तो स्वतः त्यांच्याबरोबर गेला. भागीरथीच्या पित्तनळीत खडा अडकला होता. तो काढला आणि ती वाचली. आणखी चार दिवस घरगुती औषधात घालवले असते तर हाताबाहेर गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

ही गोष्ट गावभर झाली. सप्तकोटेश्वराच्या देवळात कोणीतरी सगुणला टोमणा मारला, "सगुणबाब, पोरीनंच बापाचं वखद खोटं पाडलं म्हणायचं!"

"पाडलें," सगुण ताठ उभा राहून म्हणाला. "बापाच्या तोंडार खरें सांगलें तिणें. तुमच्यातल्या कोणाक जमलें असतें?"

मग खिशातून फोन काढून त्याने तिथूनच विनोदिनीला लावला. "बाय, मुळी मागूंक आयिल्ली ती भागीरथी इस्पितळातसून घरा आयली. बरी आसा."