दुधाळ न झालेली निवळी

पेणच्या शाळेत गणित शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी म्हात्रे बाईंनीच मला चहा दिला आणि विचारलं, "कसा झालाय?" एक घोट घेऊन मी नम्रपणे म्हणालो, "फक्कड!" बाई शांतपणे म्हणाल्या, "साखर घातलेलीच नाही, सर. जिभेला विचारून उत्तर द्यावं." रसायनशास्त्राच्या या ज्येष्ठ शिक्षिकेशी माझी ओळख झाली ती अशी.

मुलांना रसायनशास्त्र कितपत कळलं हे पाठ केलेल्या उत्तरांवरून समजत नाही, असं बाईंचं ठाम मत. मुख्याध्यापकांना मात्र शंभर टक्के निकाल हवा असे. त्यामुळे दोघांचा छत्तीसचा आकडा.

काही वर्षांपूर्वी नववीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बाईंनी चुन्याच्या निवळीच्या बाटलीत गुपचूप साधं पाणी भरलं. सोड्यावर आम्ल ओतून निघणारा वायू त्यात सोडायचा आणि दिसेल ते लिहायचं. अख्ख्या वर्गाने पुस्तकात असतं तेच लिहिलं, ‘निवळी दुधाळ झाली.’ फेरी मारायला आलेले मुख्याध्यापकही नळी उजेडात धरून "वा, अगदी दुधासारखी!" म्हणून गेले. एकट्या जोहे गावच्या सुजाताने लिहिलं, ‘काहीच झालं नाही.’ सहामाहीत ती विज्ञानात नापास झालेली. हे गुण गेले तर वर्ष बुडणार होतं. व्हरांड्यात बसून ती हमसून हमसून रडू लागली. त्यात तिची एसटीही चुकली.

बाई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या.

"सगळ्यांची दुधाळ झाली, बाई. माझीच नाय झाली."

"मग तूही तसंच का नाही लिहिलंस?"

"दिसलंच नाय, तं कसं लिहू?"

बाईंचे डोळे भरून आले. "अख्ख्या वर्गात तूच पास हायेस गो," त्या म्हणाल्या. मग वडापाव खायला घालून त्यांनी स्वतः तिला पुढच्या गाडीत बसवलं. दुसऱ्या दिवशी बाकीच्या वर्गाची परीक्षा पुन्हा झाली. मुख्याध्यापक त्या दिवशी प्रयोगशाळेकडे फिरकले नाहीत.

बाईंनी आता साठी पूर्ण केली. ‘शंभर वर्षं जगा’ ही शुभेच्छा ठरलेली असते, पण साठीनिमित्तचा हा लेख बाई तपासणार, म्हणून मी परवा त्यांच्या घरी जाऊन खात्री करून आलो. बाई स्टुलावर चढून माळा आवरत होत्या आणि खाली उभा राहून धाप मला लागत होती. निरीक्षण : प्रकृती ठणठणीत. अनुमान : बाई शंभरी सहज गाठतील. त्यांनी ती गाठावीच, हे माझं मनापासूनचं मागणं. नसलेलं दूध पाहणारे आमच्यात पुष्कळ आहेत. दिसलं नाही तर तसं लिही, असं सांगणाऱ्या बाई एकच आहेत.