शनिवारचे जर-तर: स्टॉक कार रेसच्या वाटेने ओकव्हिल ते कनाटा

माझं सगळं बदललं ते शनिवारी दुपारी. मुग्धा कॅम्पिंगच्या खुर्चीत मांडी घालून कलिंगड खात होती. खाता खाता तिने मला विचारलं, "तुझा स्पॉटर सांगतोय, थांब, पुढे धूर आहे. तुला रस्ता मोकळा दिसतोय. काय करशील?"

मी विचार न करता उत्तर दिलं. ते काय होतं ते पुढे येईलच. मधेमधे रस्ता, जेवण, तंबू यांचीही माहिती दिली आहे, कारण तुमच्यापैकी कोणाला खरंच रेस बघायला जायचं असेल. माझं वाचून बेत रद्द करू नका. रेसचा काही दोष नाही.

आधी माणसं सांगतो. मी ओंकार, टोरंटोजवळ ओकव्हिलला बेसमेंटमध्ये राहतो आणि टायरच्या दुकानात काम करतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा मधेच सोडला. का सोडला यावर एडमंटनहून आई-बाबा दर आठवड्याला बोलतात, त्यामुळे इथे परत नको. बेसमेंटच्या वर घरमालक राहतात, सॉलोमनकाका. मूळचे रेवदंड्याचे, बेने इस्रायली ज्यू, काकी गेल्यापासून एकटे. भाडं द्यायला पहिल्यांदा वर गेलो तेव्हा टीव्हीवर स्टॉक कार रेस चालू होती आणि काका सोफ्यावर बसून डावीकडे झुकत होते. त्या दिवसापासून मलाही नाद लागला. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो: या गाड्या दिसतात रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या, पण आत नुसता लोखंडी पिंजरा असतो, आणि अंडाकृती ट्रॅकवर त्या डावीकडे वळत फिरत राहतात. लोक म्हणतात, यात बघायचं काय? मीही म्हणायचो.

आणि मुग्धा. ती ओटावाजवळ कनाटाला एका टेलिकॉम कंपनीत आहे. आमचं कॉलेजपासूनचं. पण वसंत सुरू झाल्यापासून फोनवर फक्त भांडणं होत होती. शेवटच्या भांडणात ती म्हणाली, "फोनवर नको आता. तुमच्या त्या रेसला मी येते. दोन दिवस नीट राहू. रविवारी मला घरी सोडशील तेव्हा सांगते, पुढे चालू ठेवायचं की नाही."

म्हणजे मी रेस बघायला चाललोच नव्हतो. मी निकाल ऐकायला चाललो होतो.

शुक्रवारी दुपारी निघालो. रेस शनिवारी संध्याकाळी, पण काका शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत गाडीत बसत नाहीत, फोनला हात लावत नाहीत. शब्बाथ. त्यामुळे उजेडात पोचायचं, ट्रॅकशेजारच्या कुरणात तंबू ठोकायचा आणि दुसऱ्या दिवशी चालत प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये जायचं, अशी त्यांची दरवर्षीची पद्धत. शुक्रवारी दुपारी टोरंटो ओलांडायचं असेल तर ४०१ हायवेच्या वाटेला जाऊ नका, ४०७ घ्या. टोलचं बिल नंतर घरी येतं आणि तेव्हा राग येतो, पण निदान गाडी चालत राहते. आम्ही ४०१ घेतली. स्कारबरोपर्यंत सगळे जागच्या जागी. मी हॉर्नवर हात ठेवला तर काका म्हणाले, "अरे, हॉर्न वाजवून पुढची गाडी उडणार आहे काय?"

बेलव्हिल स्टेशनवर मुग्धाला घेतलं. ती ओटावाहून ट्रेनने आली होती. केस कापले होते, मला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "छान दिसतायत." ती म्हणाली, "मार्चमध्ये कापले." आणि मागच्या सीटवर बसली. पुढची सीट काकांची होती हे खरं, पण तरीही.

ट्रॅक तिथून जवळच. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्या पुटीनबद्दल, म्हणजे चीज आणि ग्रेव्ही घातलेल्या तळलेल्या बटाट्यांबद्दल, वाईट लिहिणार आहे. कॅम्पिंगची जागा मोटेलपेक्षा कितीतरी स्वस्त, रेसचं तिकीट साधारण दोन पिझ्झ्यांच्या भावात. वॉशरूम स्वच्छ. डास मात्र असे, की स्प्रे विसरलात तर सरळ घरी जा. मुग्धाचा तंबू वेगळा, माझा आणि काकांचा एक. जेवण काकांनी घरून आणलेलं, नारळाच्या दुधातली कोंबडी आणि भात. मुग्धाने पिशवीतून दह्याचा डबा काढला, काकांच्या ताटाकडे बघितलं आणि परत ठेवला.

"खा ग तू, माझं मला," काका म्हणाले. "मटणा-कोंबडीबरोबर दही मला चालत नाही, तुला कोण अडवतंय?"

"नको काका. तुमच्या पंगतीत तुमचा नियम," ती म्हणाली. काका खूश झाले. माझ्याकडे बघून म्हणाले, "शीक काहीतरी."

शनिवारी सकाळपासून आभाळ भरलेलं. दिवसभर करायला काही नाही. इथे काकांचा खास प्रकार सुरू होतो. ते त्याला जर-तर म्हणतात. फोन बंद असल्याने कोणी काही शोधून दाखवू शकत नाही, सगळा वाद तोंडानेच मिटवायचा. नियम दोनच. प्रश्न बदलायचा नाही, आणि 'परिस्थितीवर अवलंबून आहे' असं म्हणायचं नाही. उत्तर द्यायचं ते गाडीत बसल्यासारखं.

पहिला प्रश्न काकांचा. "शेवटच्या दहा फेऱ्या. पिवळा बावटा, म्हणजे सगळे हळू. तू पहिला आहेस, पण टायर झिजलेत. ट्रॅक सोडून आत पिटमध्ये येऊन टायर बदलशील की बाहेर राहशील?"

"बाहेर," मी म्हणालो. "पहिला नंबर सोडून आत कोण येतं?"

"मागचे सगळे आत आले तर?"

"येऊ देत."

"नव्या टायरवर तुला चौथ्या फेरीत खातील," काका म्हणाले. "आणि हा म्हणे टायरच्या दुकानात कामाला."

मुग्धा हसली. मोठ्याने, जुनी मुग्धा हसायची तशी. मला वाटलं, जमतंय.

शेजारच्या ट्रेलरमधला डग नावाचा दाढीवाला खुर्ची ओढत आला, मग आमचं निम्मं इंग्रजीत सुरू झालं. त्याचा प्रश्न चांगला होता. "उद्यापासून एकही अपघात होणार नाही अशी लेखी हमी मिळाली, तर तुम्ही रेस बघायला याल का?"

काका म्हणाले, येईन. मुग्धा म्हणाली, "मी तर तेव्हाच येईन." डग लाजत म्हणाला, बायकोला सांगू नका, पण नाही येणार. मी म्हणालो, "मीही नाही. धोका नसेल तर मग ती पार्किंग लॉटमधली प्रॅक्टिस झाली."

मुग्धाने माझ्याकडे बघितलं. काकांनी पुढचा प्रश्न टाकला. शेवटच्या वळणावर पुढच्याला मागून हलकासा धक्का दिला तर तू जिंकशील, तो भिंतीवर जाईल. देशील? मी म्हणालो, देईन. तो तुझा मित्र असला तर? तरी देईन, नंतर सॉरी म्हणेन. डगने टाळी दिली. मला चेव आला होता. प्रत्येक उत्तर मी तिला ऐकवत होतो. मला वाटत होतं, तिला कळावं की मी अर्धवट काही करत नाही. जीव लावला तर पुरता लावतो.

मग मुग्धा म्हणाली, "माझा एक." आणि तो स्पॉटरचा प्रश्न विचारला. स्पॉटर म्हणजे स्टँडच्या छतावर उभं राहून ड्रायव्हरला रेडिओवरून रस्ता सांगणारा माणूस. ड्रायव्हरला मान वळवता येत नाही, त्यामुळे त्याच्या आजूबाजूचं सगळं स्पॉटरच बघतो.

"मला मोकळा दिसतोय ना?" मी म्हणालो. "मग मी जाणार. डोळे माझे आहेत."

"मग रेडिओ कशाला लावलास?"

डग हसला. काका हसले नाहीत. मी म्हणालो, "अगं, गेम आहे." ती म्हणाली, "हो," आणि कलिंगडाची सालं गोळा करून कचऱ्याच्या पिशवीत टाकायला गेली. परत आली तेव्हा जॅकेट घालून आली. थंडी नव्हती.

रेस सहाला सुरू झाली. आवाजाबद्दल सांगतो: कानात बोळे घाला. गाड्या समोरून जातात तेव्हा आवाज कानात कमी आणि बरगड्यांत जास्त येतो. रबर आणि पेट्रोलचा वास मला आवडतो. पुटीनमधले बटाटे गार होते आणि चीज रबरासारखं, ते रबर मात्र आवडलं नाही. मुग्धा आमच्या दोघांमध्ये बसली होती. मी तिला एकेक गोष्ट समजावत होतो, ती मान हलवत होती. एकदा तिने माझ्या हातावर हात ठेवला. मी बोलायचं थांबलो, तर तिने तो काढून घेतला.

निम्मी रेस नुकतीच झाली आणि पाऊस आला. ओल्या ट्रॅकवर या गाड्या पळवत नाहीत. लाल बावटा पडला, गाड्या जिथल्या तिथे उभ्या राहिल्या, ड्रायव्हर खिडक्यांच्या जाळ्या काढून आतच बसले. ट्रॅक वाळवणारे ट्रक गोल गोल फिरले, मग पाऊस वाढला आणि तेही थांबले. भोंग्यावरून सांगितलं, निम्म्याहून जास्त फेऱ्या झाल्या आहेत, जो पुढे होता तो जिंकला.

"ही काय रेस झाली?" मी उठून ओरडलो. "शेवटपर्यंत गेलीच नाही."

"झाली तेवढी झाली," मुग्धा म्हणाली. "कोणी भिंतीवर तर नाही गेलं."

रविवारी सकाळी ओला तंबू तसाच गुंडाळून निघालो. किंग्स्टन, मग ब्रॉकव्हिलच्या पुढे ४१६ ने उत्तरेला, ओटावाच्या आधी ४१७ ने पश्चिमेला. रस्ता छान, रिकामा, आणि सरळ इतका की डोळे मिटायला लागतात. कॉफी वाटेत कुठेही मिळते. त्या दिवशी कोणी प्यायली नाही. प्रेस्कॉटजवळ ते म्हणाले, "समजा एखाद्या ड्रायव्हरने..." आणि मग खिडकीची काच खाली केली.

कनाटात ऑफिसांच्या काचेच्या इमारती, रविवार म्हणून पार्किंग लॉट मोकळे. काका गाडीत थांबले. मी मुग्धाची बॅग घेऊन वर गेलो. तिने बॅग दाराशीच ठेवायला सांगितली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"सांगू?" ती म्हणाली.

"थांब. समजा मी सप्टेंबरमध्ये परत अ‍ॅडमिशन घेतली तर?"

"कोणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मग नको घेऊस."

"बरं, समजा मी इथे शिफ्ट झालो. टायरची दुकानं इथेही आहेत."

"ओंकार, फेब्रुवारीत मी तुला सांगितलं होतं, इकडे स्टॉर्म आहे, निघू नकोस. तीनदा सांगितलं. आठवतंय?"

आठवत होतंच. ती आमच्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट होती. तिच्या वाढदिवसाला मी बर्फातून सबंध ४०१ चालवत आलो होतो, पुढचं काही दिसत नव्हतं, दोन ट्रक खड्ड्यात आडवे पडलेले. आणि मी तिच्या दारात फुलं घेऊन उभा राहिलो. ही गोष्ट मी दुकानात सगळ्यांना सांगितली आहे.

"तू मला बघून रडलीस," मी म्हणालो.

"मी दुपारपासून पोलिसांच्या फोनची वाट बघत होते. तू फोन बंद केला होतास, मी परत जा म्हणेन म्हणून. आणि दार उघडलं तर तू हसतोयस." ती हळू बोलत होती. "मी आनंदाने नव्हते रडले. तुला अजूनही तसंच वाटतं, म्हणून काल विचारलं. म्हटलं, निदान खेळात तरी थांबशील."

मी चिडलो. लिहीत नाही काय काय बोललो. कॉरिडॉरमध्ये समोरचं दार उघडलं आणि बंद झालं. मुग्धा एवढंच म्हणाली, "माझं उत्तर 'नाही' आहे. आता जपून जा. काका आहेत गाडीत."

परतीच्या रस्त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. किंग्स्टनला काकांनी मला बाजूला बसवलं आणि स्वतः गाडी घेतली. मी म्हणालो, मी चालवू शकतो. ते म्हणाले, "मी विचारलं नाही."

आता ट्रिपचा हिशोब. जा, जरूर जा. डासांचा स्प्रे, कानाचे बोळे आणि स्वतःचं जेवण न्या. पाऊस आला तर पैसे परत मिळत नाहीत. बरोबर शक्यतो अशी माणसं न्या ज्यांच्याशी वाद घालता येईल. माझ्याजवळ काय उरलं? तंबू बेसमेंटमध्ये घर गरम करायच्या फर्नेसवर वाळत घातला होता, आठवडाभर खोलीला ओल्या गवताचा वास येत होता. दुकानात एका गिऱ्हाईकाशी भांडलो. स्पॉटरच्या प्रश्नाला दुसरं काय उत्तर देता आलं असतं, यावर चाक काढताना, चाक बसवताना विचार करत राहिलो. 'थांबेन' हा एक शब्द होता. पण मी तो म्हटला असता तर खोटं बोललो असतो, आणि तिला कळलं असतं. बर्फातून मी गेलो ते प्रेमानेच गेलो, हे मी अजूनही म्हणतो. फक्त ते आता कोणाला सांगत नाही.

पुढच्या रविवारी काकांनी वर बोलावलं. टीव्हीवर रेस होती, त्यांनी चहा केला होता, खारी बिस्किटं काढली होती. पिवळा बावटा पडला आणि गाड्या रांगेत हळू फिरायला लागल्या.

"ओंकार," काका टीव्हीकडेच बघत म्हणाले, "समजा, मुग्धाचा फोन आला. समजा दिवाळीत..."

"काका, नको."

"अरे, समजा म्हणतोय. जर-तर. तिला वाटलं की..."

"नाही येणार तिचा फोन," मी म्हणालो. "तिने सांगितलंय."

काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मी कप सिंकमध्ये ठेवला, विसळला. बूट घातले. हिरवा बावटा पडला असावा, कारण बारीक आवाजातही इंजिनं चढलेली ऐकू आली. मी मागे वळून बघितलं नाही. बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.